न मागितलेली पाने

ओढ्याकाठच्या दाट रानात, मोहाच्या एका जुन्या झाडाच्या ढोलीत, एक खार आपल्या चार पिलांसह राहत असे. पिलांचे डोळे नुकतेच उघडले होते. त्यांना उडी मारता येत नव्हती, फांदी धरता येत नव्हती. आईने मानेला धरून उचलले तरच ती जागची हलत, आणि आईला एका वेळी एकच पिलू उचलता येई. मुलांनो, ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा.

त्या रानात निरोप पोहोचवायचे काम सातभाई करत. हे मातकट रंगाचे सात पक्षी कायम एकत्र उडत आणि कायम कलकलाट करत. निरोप पानावर नखाने कोरलेला असे. ते पान ढोलीत किंवा बिळात टाकले, की यांचे काम संपले. सगळ्या पानांत एक पान मात्र मोठ्या मानाचे होते. टेकडीवरच्या म्हाताऱ्या वानराला वणवा दिसला, की तो पळसाच्या पानांना मधोमध भोक पाडून ती घरोघर धाडी. भोकाचे पान आले की रानात कुणी प्रश्न विचारत नसे. पिले उचलायची आणि ओढा ओलांडायचा, एवढेच सर्वांना ठाऊक होते.

याच रानात एक गोडबोल्या कोल्हा होता. एका दुपारी तो पाणवठ्यावर करवंदांचा ढीग मांडून बसला. "या, या. ओंजळभर करवंदं फुकट," तो म्हणाला. "फक्त लाल मातीत पंजा बुडवून या सागाच्या सालीवर ठसा उमटवा आणि राहता कुठे ते सांगा." लगेच रांग लागली. खारीनेही ठसा दिला, मोहाचे झाड सांगितले आणि करवंदे घेऊन ती खुशीत घरी आली. त्या सालीचे पुढे काय होणार, हे कुणी विचारले नाही. कोल्ह्यानेही सांगितले नाही. तो विसरला नव्हता, त्याला सांगायचेच नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून खारीच्या ढोलीत पाने पडू लागली. 'अस्वलाचा मध. एकदा चाटाल तर रोज याल.' 'मोराच्या नृत्यवर्गात प्रवेश सुरू.' 'तरसाकडे ताजी हाडे, आजच या.' खारीला हाडे कशाला हवीत? पण पाने येतच राहिली. सकाळी पाच, दुपारी नऊ. कोल्ह्याने त्या सालीच्या नकला अस्वलाला, मोराला आणि तरसाला देऊन टाकल्या होत्या, आणि त्या बदल्यात तिघांकडून त्याला रोजचे जेवण बसल्या जागी मिळत होते.

खारीने सातभाईंना अडवले. "अरे भाऊ, ही पानं मला नकोत. परत न्या."

"परत न्यायचं आमच्याकडे नाही, ताई," थोरला म्हणाला.

"टाकायचं तेवढं आहे," दुसरा म्हणाला, आणि उरलेले पाच जण एकदम कलकलले.

मग खारीने सभ्यपणे अस्वलाला, मोराला आणि तरसाला उत्तरे कोरून पाठवली, 'कृपया पाने पाठवू नयेत.' इथेच ती चुकली. तिची उत्तरे फिरत फिरत कोल्ह्याकडे पोहोचली. ती वाचून तो खूश झाला. "या घरात पानं वाचली जातात," तो म्हणाला. "हिला दुप्पट पाठवा." आणि दुप्पट पाने आली.

खारीचा सगळा दिवस पाने बाहेर ढकलण्यात जाऊ लागला. झाडाच्या बुंध्याशी वाळलेल्या पानांचा ढीग तिसऱ्या फांदीपर्यंत चढला. नाइलाजाने ती पाने न वाचताच फेकू लागली. बिळाबिळांतून हेच होऊ लागले, आणि ते कोल्ह्याच्या लक्षात आले. मग त्याने जे केले, त्याला रानात आजवर नाव नाही. त्याने अस्वलाला आणि मोराला सांगितले, "पळसाचं पान घ्या आणि मधोमध भोक पाडा. बघा कसं झटकन उचलतात."

पहिले भोकाचे पान आले तेव्हा खारीने ते वाचलेही नाही. एक पिलू, दुसरे, तिसरे, चौथे. धापा टाकत चार खेपा करून तिने चौघांना ओढ्यापलीकडे नेले आणि मग पान नीट पाहिले. भोकाच्या कडेने बारीक अक्षरांत कोरले होते, 'मध आला आहे.' दोन दिवसांनी पुन्हा भोकाचे पान आले, पुन्हा चार खेपा झाल्या. या वेळी ते मोराचे निघाले. तिसऱ्यांदा भोकाचे पान आले तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिलेही नाही. बाकीच्या पानांबरोबर तेही खाली ढकलले.

ते पान वानराचे होते.

धूर नाकाला लागला तेव्हा आग ओढ्याच्या अलीकडे पोहोचली होती. खारीने पहिले पिलू उचलले आणि जांभळाच्या फांदीवरून ओढ्यापार नेले. दुसरे नेले. तिसऱ्याच्या वेळी ठिणग्या उडत होत्या. ती चौथ्यासाठी परतली, तेव्हा बुंध्याशी साचलेल्या ढिगाने पेट घेतला. अस्वलाचा मध, मोराचा नृत्यवर्ग आणि तरसाची हाडे एकदम भडकली आणि ज्वाळा ढोलीच्या तोंडापर्यंत आल्या. खारीने डोळे मिटले, आत उडी घेतली, पिलाची मान पकडली आणि पेटलेल्या फांदीवरून झेप टाकली. तिच्या शेपटीचे केस जळाले. पिलू वाचले. मोहाचे झाड मात्र संध्याकाळपर्यंत उभ्याउभ्या जळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खार पाणवठ्यावर आली. रानातले झाडून सगळे प्राणी तिथे जमले होते. कोल्हा खडकावर बसला होता, साल त्याच्या पायाशी होती.

"फार वाईट झालं, खारूताई," कोल्हा म्हणाला. "पण पान तर वेळेवर आलं होतं म्हणे. थोडं लक्ष द्यायला हवं होतं तुम्ही."

"माझा ठसा पुसायचाय," खार म्हणाली.

"अहो, एवढं कशाला? नको असेल ते पान टाकून द्यावं माणसानं."

"मी माणूस नाही. आणि पाठवणार तुम्ही, उचलत बसणार मी, हा कुठला न्याय?"

"ठसा तुम्हीच दिलात. जबरदस्ती केली होती का कुणी?"

"करवंदांसाठी दिला. माझं घर अस्वलाला, मोराला आणि तरसाला सांगा, असं मी कधी म्हटलं? तुम्ही विचारलंत?"

कोल्ह्याने घसा साफ केला. "बरं, पुसू. पण त्याची रीत असते. पौर्णिमेला या."

"ठसा घेताना पौर्णिमा पाहिली होती का?"

मागे कुणीतरी हसले. एक ससा पुढे सरकला. त्याच्यामागे साळिंदर आले.

"आणि येताना तुमच्या आजीचा ठसाही लागेल," कोल्हा घाईघाईने म्हणाला.

"करवंदं आजीनं खाल्ली नव्हती."

आता सगळा पाणवठा हसला. टेकडीवरचा म्हातारा वानर काठीसारखी शेपटी टेकत पुढे आला. तो म्हणाला, "पन्नास उन्हाळे मी भोकाची पानं पाठवली. एकही कधी वाया गेलं नाही. काल गेलं." तो कोल्ह्याकडे वळला. "झाडावर वाघाची खूण असते ना, ती वाघच पुसतो. ज्याचा ठसा, पुसायचा हक्क त्याचा. बाजूला हो."

कोल्हा बाजूला झाला नाही. त्याने शेवटचा डाव टाकला. "पुसा खुशाल. पण नकला अस्वलाकडे आहेत, मोराकडे आहेत, तरसाकडे आहेत. किती ठिकाणी जाल?"

"तिन्ही ठिकाणी जाते," खार म्हणाली. "आज मला दुसरं काम नाही. घर जळालंय."

कोल्हा खडकावरून उतरला. खारीने पंजा पाण्यात बुडवला आणि सालीवरचा आपला ठसा घासून घासून पुसला. शेजारी कोल्ह्याने कोरलेली मोहाच्या झाडाची खूण नखाने खरवडून काढली. मग सशाने पंजा भिजवला. साळिंदराने भिजवला. दुपारपर्यंत ती साल कोरी झाली, आणि मग खारीच्या मागोमाग सगळी रांग अस्वलाच्या गुहेकडे निघाली. दारात एवढे प्राणी पाहून अस्वलाने नक्कल स्वतःच बाहेर आणून ठेवली. मोराने दिली. तरसाने गुरगुर केली, पण साळिंदराने काटे उभारताच त्यानेही दिली.

दुसऱ्या दिवशी सातभाई ठरल्या वेळी निघाले, तर न्यायला एकही पान नव्हते. ते थोडा वेळ फांदीवर बसून एकमेकांवर ओरडले. मग खाली उतरले आणि पाचोळा उलटापालटा करत किडे शोधू लागले. ओढ्यापलीकडच्या एका आंब्याच्या ढोलीत खारीची चारही पिले पाय पसरून झोपली होती. आता तिथे पाय पसरायला जागा होती.

तात्पर्य : न मागितलेली पाने रोज दारातून लोटत बसाल तर एक दिवस कामाचे पानही त्यांच्याबरोबर जाईल, म्हणून आपले नाव जिथे लिहिले गेले तिथे जाऊन ते ठणकावून पुसून घ्यावे, आणि फुकटाच्या ओंजळीसाठी आपले घर कुणाला सांगताना दहादा विचार करावा.