फोनातलं दुकान आणि काजळी म्हैस

त्या दिवशी आश्विनातलं ऊन असं पडलं होतं की झाडाचं पान हलत नव्हतं. गावातली कुत्री हौदाच्या सावलीला जिभा काढून पडली होती. त्या गावात एक भोळा गृहस्थ होता, हैबती नावाचा. सांगाल ते करायचा. सांगाल तेवढंच करायचा. तो ओसरीवर बसून बायकोचं बोलणं ऐकत होता.

बायको शेवंता. तिचा हात रांगोळीचा. ठिपक्यांच्या एकशे आठ रांगोळ्या तिनं वहीत काढल्या होत्या. भाचीनं त्या पानांचे फोटो काढून फोनातलं पुस्तक बनवलं आणि फोनातच दुकान मांडून दिलं. फोनावरच विकायचं, फोनावरच पोचवायचं.

शेवंताला घाई होती. दारात काजळी म्हैस गाभण, आटलेली. पुस्तक दिवाळीच्या आत खपलं तर पेंड-कडब्याची सोय होणार आणि काजळी दाव्याला राहणार. नाही खपलं तर काजळी बुधवारच्या बाजारात. शेवंतानं तिला रेडकाची मोठी केली होती. तिच्या जिवाला घोर होता.

"मी सोयाबीन काढायला जाते," ती म्हणाली. "गिऱ्हाईक आलं तर नमुना दाखवा."

"दाखवतो."

दुपारी पुण्याच्या एक बाई आल्या. म्हणजे फोनात आल्या. नमुना मागितला. हैबतीनं एकशे आठच्या एकशे आठ पाठवल्या. बाईंनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि गेल्या.

शेवंतानं कपाळाला हात लावला. "अहो, सगळं दाखवतात का? एक दाखवायचं, बाकी झाकून ठेवायचं. पैसे दिले की उघडायचं."

"बरं. पुढच्या वेळी तसंच."

पुढची वेळ दुसऱ्या दिवशीच आली. शेजारच्या दगडूअण्णांची मुलगी बघायला पाहुणे आले. अण्णांनी हैबतीला पोहे वाढायला बोलावलं. हैबतीनं प्रत्येकाच्या हातावर एकेक शेंगदाणा ठेवला. पातेलं झाकलं आणि झाकणावर बसला.

"पोहे?" नवऱ्या मुलाच्या बापानं विचारलं.

"आहेत की. पैसे द्या, उठतो."

पाहुणे उठले, हैबती नाही उठला. अण्णांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं.

शेवंता म्हणाली, "अहो, माणसांना असं उपाशी ठेवतात का? पुन्हा पुन्हा वाढायचं. नको म्हणाले तरी आग्रह करायचा. पुरे म्हणाले तरी एक घास जास्त."

"एवढंच ना? पुढच्या वेळी बघच तू."

पुढच्या वेळी नाशिकच्या एक बाई आल्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या. पैसे आधी दिले. हैबतीनं पुस्तक पाठवलं.

"मिळालं," बाईंनी कळवलं.

हैबतीनं पुन्हा पाठवलं.

"अहो, मिळालं."

"असू द्या. अजून एक घ्या."

"तेच आहे की हे! नको."

"नको कसं? लाजू नका, आपलंच घर समजा."

तिसऱ्यांदा पाठवलं. दहाव्यांदा पाठवलं. "पुरे, पुरे!" असं बाई म्हणाल्या तसा त्याला चेव आला. चाळिसाव्या वेळी बाईंचा फोन भरून बंद पडला. त्यांनी नवऱ्याच्या फोनावरून पैसे परत मागितले आणि भिशीतल्या सगळ्या बायकांना सांगितलं, या दुकानात पाऊल टाकू नका. दुकान तिथंच बसलं.

शेवंता रडकुंडीला आली. "एका बाईला चाळीस वेळा कशाला? एकीला एकदा फोटो पाठवायचा, की संपलं. मग तोच फोटो दुसरीला विकायचा, तिसरीला विकायचा. सात जणींना विका नाहीतर सत्तर. वस्तू आपल्या घरातच राहते. या धंद्याची गंमत तीच होती हो!"

"हे आधी सांगितलं असतंस तर!" हैबती म्हणाला. त्याला ते फार पटलं.

बुधवार उजाडला. पेंड संपली होती. शेवंतानं काजळीच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं आणि तोंड फिरवलं. "मला नाही बघवत. तुम्हीच विकून या," म्हणाली आणि मान खाली घालून रानात गेली.

हैबतीनं काजळीचा एक फोटो काढला आणि एकटाच बाजारात गेला.

हैबतीनं जन्मात कुणाला फसवलं नव्हतं. पंचक्रोशीला ते ठाऊक होतं. लोक फोटोभोवती जमले. एक म्हणाला, "दात बघू." हैबतीनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. काजळीनं तोंड मिटलेलं होतं. तरी म्हैस पसंत पडली. एकानं इसार दिला, उद्या न्यायला येतो म्हणाला. हैबतीनं त्याला फोटो पाठवला.

"पोचली?"

"पोचली," तो हसून म्हणाला.

मग हैबती बाजाराच्या दुसऱ्या टोकाला गेला. मग तिसऱ्या. सात जणांना विकली. येताना पेंडीची दोन पोती घेऊन आला.

संध्याकाळी शेवंता परतली. काजळी दाव्याला उभी राहून पेंड खात होती.

"विकली नाहीत?"

"विकली की. सात वेळा."

"मग ही कोण?"

"हीच. अगं, तूच म्हणालीस ना, वस्तू घरातच राहते. फार चांगला धंदा आहे. मला आधी वाटलं नव्हतं."

शेवंता जी मटकन खाली बसली, ती सकाळपर्यंत उठली नाही.

सकाळी सात माणसं सात दावी घेऊन दारात आली. आधी एकमेकांकडे बघितलं. मग काजळीकडे. मग सगळ्यांनी मिळून हैबतीकडे.

हैबती पुढं झाला, हात जोडले. "या, बसा. चहा टाकू? पण पाव्हणं, म्हैस पोचली म्हणून तुम्हीच सांगितलंत. आता अजून काय राहिलं?"

सातांनी बाह्या वर केल्या.

तेवढ्यात कुंपणावरून दगडूअण्णांनी मान वर काढली. पोह्यांच्या दिवसानंतर ते पहिल्यांदाच बोलले. "हैबती, तू परसातनं पळ. त्यांना बडवायला तुझा फोटो देतो मी."