काय म्हणालीस?

एक होती टिटवी, एक होता तिचा टिटवा, आणि खडीच्या खाणीवर त्यांच्या शेजाराला होता एक ट्रक. टिटवीने खडीतच चार अंडी घातली होती. पिल्लू आतून हाक मारतं, आईने ओ दिली की कवच फोडतं, नाहीतर आतच घुसमटतं. पण हाक ऐकू कशी येणार? ट्रकच्या हौशी ड्रायव्हरने सायलेन्सर काढून नुसती नळी बसवली होती.

"काय माझा आवाज! लोकांना वाटतं वाघ आला," ट्रक म्हणायचा.

"वाघ आलेला कळत नाही रे बाबा! जरा हळू!"

"काय म्हणालीस?"

"पालथ्या घड्यावर पाणी," टिटवा पुटपुटायचा.

एक दिवस ट्रकच्या मागच्या चाकाचे नट सैल झाले, चाक खडखडायला लागलं. टिटवी त्याच्या डोक्यावरून ओरडत गेली, "मेल्या, थांब! चाक निघालं!"

"काय म्हणालीस?" असं ट्रक म्हणतोय तोवर चाक घरंगळत पुढे गेलं आणि ट्रक धुळीत बसला.

मिस्त्री ड्रायव्हरला म्हणाला, "चाक आधी खडखडलं असेल की! ऐकलं नाहीस?" ड्रायव्हरने मुकाट्याने भंगारातला सायलेन्सर आणून बसवून घेतला.

ट्रक सुरू झाला तो पारव्यासारखा घुमत. टिटवी मात्र सवयीने ओरडतच होती, "आता तरी ऐक, मेल्या!"

"ऐकतोय बाई," ट्रक हळूच म्हणाला. "आता तूच जरा गप्प बस. तुझ्या अंड्यातून कुणीतरी हाका मारतंय."

टिटवीने ओ दिली. दिवस मावळायच्या आत चार अंड्यांची चार पिल्लं झाली, आणि टिटवा-टिटवीचं घर भरलं.