घाटात बंद ठेवलेला बझर

"आणि नाही वाजला तर?" हबीब उस्तादांनी विचारलं.

"नाही वाजला म्हणजे पाणी आहे, उस्ताद."

"आहे?"

"असणार..."

उस्ताद बॉनेटखाली वाकून बघत राहिले.

आंबा घाटाच्या पायथ्याला त्यांचं गॅरेज. तिथे शिकून गेलेल्यांचा एक रिवाज होता. नवं काम केलेली गाडी घाट चढणार असेल, तर आधी ती उस्तादांपुढे उभी करायची. त्यांनी बॉनेटवर थाप मारली की निघायचं. नाही मारली तर गाडी तिथेच राहायची, मग मालक कुणी का असेना.

चंद्रहास रेडीज हा त्यांचा सगळ्यात हुशार शिष्य. ते त्याला कुणी सांगावं लागत नसे. काल त्याने स्वतःच्याच जीपला बझर बसवला होता, इंजिन थंड ठेवणाऱ्या टाकीतलं पाणी कमी झालं की ओरडणारा.

मागच्या सीटवर त्याची आई होती, काचेला डोकं टेकून. तिला डायलिसिससाठी कोल्हापूरला न्यायचं होतं. घर दोन गल्ल्या पलीकडे; गाडी अजून तापलीही नव्हती, आणि चंद्रहासचा जीव मात्र आत्ताच टांगणीला लागला होता.

"थाप मारा ना, उस्ताद. उशीर होतोय."

"बझर कशाला बसवलास?"

"तुम्हाला माहीत आहे."

"तू सांग."

उन्हाळ्यात याच घाटात चंद्रहासच्या जीपचं इंजिन जाम झालं होतं. दुसरी गाडी मिळेपर्यंत आई कठड्याशी बसून धापा टाकत होती आणि हा रस्त्यावर नुसता येरझारा घालत होता. ती वाचली. पण त्या दिवसापासून त्याच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

"पाइप फुटला होता," तो म्हणाला. "सगळं पाणी गेलं. तापमानाचा काटा मात्र जागचा हलला नाही."

"का?"

"काटा पाणी किती तापलंय ते सांगतो. पाणीच नाही, तर सांगणार काय? इंजिन जळत होतं, आणि मी काट्याकडे बघून निवांत."

"बरोबर."

चंद्रहास थापेची वाट बघू लागला.

"चावी फिरव," उस्ताद म्हणाले. "इंजिन चालू करू नकोस."

त्याने चावी फिरवली. डॅशबोर्डवरचे दिवे लागले. उस्तादांनी गाडीखाली घमेलं सरकवलं आणि टाकीचा पाइप ओढून काढला. कूलंट मिसळलेलं हिरवं पाणी भळाभळा घमेल्यात पडू लागलं.

"उस्ताद! काय करताय? मला निघायचंय!"

उस्ताद टाकीकडे बघत होते. पाणी खुणेच्या खाली गेलं... अर्ध्यावर आलं... तळाला लागलं.

बझर गप्प.

चंद्रहासचा चेहरा उतरला. मग एकदम काहीतरी आठवलं आणि तो हसला. त्याने डॅशबोर्डखाली हात घालून एक बटण दाबलं. बझर असा किंचाळला, की समोरच्या पत्र्यावरचे कावळे उडाले.

"बघा! चांगला चालतो. मीच बंद केला होता, घाटासाठी."

"घाटासाठी बंद?"

"वळणावर पाणी एका बाजूला जातं. याला वाटतं, पाणी संपलं. काल गल्लीच्या वळणावरच उगाच ओरडला."

"मग सेन्सर खाली का नाही घेतलास?"

"टाकी उतरवावी लागली असती. बटण सोपं."

"हो," उस्ताद म्हणाले. "बटण सोपं."

"आणि आई दचकेल हो. तिच्यासाठीच बंद ठेवला."

बझर अजून किंचाळत होता. उस्तादांनी मान वळवून मागच्या सीटकडे पाहिलं.

आई दचकली नव्हती. तिने डोळेही उघडले नव्हते.

"चावी काढ," उस्ताद म्हणाले.

आवाज थांबला. गॅरेजात एकदम शांत झालं, आणि ती शांतता चंद्रहासला आवडली नाही.

"वहिनी कधीपासून गप्प आहेत?"

"झोपली असेल. हल्ली त्रास नाही देत. आधी घाटभर सुरूच असायचं, पाय जड झालेत, दम लागतोय, जरा थांब. माझे हात कापायचे हो स्टिअरिंगवर. मग मीच सांगितलं, आई, गाडीत काही बोलायचं नाही."

"मग?"

"मग काय... आता नाही बोलत. बरं वाटत असणार तिला."

"असणार?"

उस्तादांनी मागचं दार उघडलं. हात फडक्याला पुसले, खाली बसले आणि तिच्या पावलावर अंगठा हलकेच दाबला. अंगठा उचलला, तरी सुजलेल्या पायावर खळगा तसाच राहिला.

"वहिनी..."

तिने डोळे उघडले. उस्तादांकडे नाही, आधी मुलाकडे पाहिलं.

"बोलू का रे?" तिने विचारलं.

चंद्रहास धावत मागच्या दाराशी आला.

"बोल, आई. बोल ना..."

"काल रात्रीपासून श्वास पुरत नाही. आडवं होववत नाही." ती थांबली, दम घेतला. "तुला घाट चढायचा होता. म्हटलं, वर पोचल्यावर सांगू."

त्याला रडू आलं, आणि रडायला वेळ नव्हता. त्याने मोबाइल काढला. घाट चढल्यावर आंबा गावात, वाटेवरच, ओळखीचे डॉक्टर होते. ऑक्सिजन तयार ठेवा, एवढंच त्याला सांगता आलं.

"माझ्या गाडीत तर पाणीच नाही, उस्ताद..."

उस्ताद शेडच्या टोकाला गेले. तिथे त्यांची स्वतःची जुनी गाडी उभी होती. तिचं बॉनेट उघडून त्यांनी पाणी बघितलं, ऑइल बघितलं, बॉनेट लावलं आणि वर तळहाताची थाप मारली.

मग चावी चंद्रहासच्या हातात दिली.

"हिला बझर आहे का?" त्याने घाबरून विचारलं.

"नाही," उस्ताद म्हणाले. "वहिनींना पुढे बसव, त्या बोलतील ते ऐक."