घोंगडीचं दुसरं टोक

एकदा एका वृद्ध विणकराकडे त्याचा शिष्य परत आला, तेव्हा त्याचा उजवा हात फडक्याने छातीशी बांधलेला होता.

नदीकाठच्या त्या गावात घोंगड्या विणत. शिष्य आणि त्याचा थोरला भाऊ सिदू, दोघेही याच वृद्धाकडे माग चालवायला शिकले होते. विणलेली घोंगडी नदीत धुवायची आणि ओली असतानाच दोघांनी दोन टोकं धरून ताणायची, अशी तिथली रीत. न ताणता वाळवली तर लोकर आटते आणि घोंगडी फळीसारखी ताठ होते. हे ताणायचं काम दोघे भाऊ करत. सिदू नेहमी डाव्या अंगाला. तिथून तो चिडवायचा, "जेवलास का रे? का आज उपाशीच आलास?" मग धाकटा असा झटका द्यायचा की सिदू हसत हसत पुढे ओढला जायचा.

त्या वर्षी घोंगड्या धुताना नदीला एकाएकी पाणी चढलं. सिदूचा पाय निसटला. धाकट्याने त्याचा हात धरला. खांद्यातून कळ गेली तरी धरून ठेवला. मग हात सुटला आणि सिदू वाहून गेला.

वैद्याने हाड शाबूत असल्याचं सांगितलं. सुरुवातीचे दिवस गेले की हात हळूहळू हलवायचा, नाहीतर खांदा आखडेल, असंही बजावलं. पण शिष्याने फडकं सोडलं नाही. दुखवटा निघाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, तरी हात तसाच. तो डोक्यापर्यंतही जाईना. गुरूने मागावर बसायला सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "हा हात आता कशालाच लावायचा नाही, आबा."

वृद्धाने समजूत घातली नाही. त्याने एक घोंगडी पाण्यात बुडवून पिळली. शिष्याच्या हाताचं फडकं स्वतः सोडलं, घोंगडीचा एक काठ त्याच्या उजव्या मुठीत दिला आणि दुसरा घेऊन आपण डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला.

"तिथं उभं राहू नका," शिष्य म्हणाला.

"मग कुठं राहू? घोंगडीला हेच दुसरं टोक आहे."

शिष्याला संताप आला, पण गुरूने हातात दिलेला काठ खाली टाकायचं धाडस त्याला झालं नाही. वृद्धाने सांगितलं, ओढायचं नाही. ताण जाणवेल इतकंच मागे सरायचं आणि धरून राहायचं. श्वास रोखायचा नाही. दुखायला लागलं तर थोडं पुढे यायचं. बस, एवढंच. घोंगडी वाळेपर्यंत दोघे असे उभे राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्याच्याही दुसऱ्या दिवशी पुन्हा. हा कसला इलाज, शिष्याला कळेना.

एके दिवशी त्याचा धीर सुटला. काय व्हायचं ते एकदाच होऊन जाऊ दे, अशा त्वेषाने त्याने सगळा जोर लावून घोंगडी खेचली. म्हातारा पडता पडता वाचला. शिष्य मात्र खांदा धरून खाली बसला. संध्याकाळपर्यंत खांदा सुजला, तापला.

वृद्ध रागावला नाही. गार पाण्याच्या घड्या ठेवत तो शेजारी बसला आणि मग बोलला.

"मार लागला की अंगात काय होतं, ते तू तुझ्याच घरी पाहिलंस, लेकरा. माणूस गेला की आळी धावत येते. कुणी पाणी भरतं, कुणी भाकरी आणतं, कुणी नुसतंच बसून राहतं. घर माणसांनी फुगतं. सूज म्हणजे हेच. दुखऱ्या जागेला सांभाळायला अंगातली माणसं धावलेली असतात. ती आली नसती तर घर उभं राहिलं नसतं. पण ती बसूनच राहिली तर तुझ्या घरची चूल कधी पेटायची? आता निघा, असं कुणीतरी हळूच सुचवावं लागतं. हा ताण म्हणजे ते सुचवणं. अंगाला कळतं, इथं कामं सुरू झाली, आपण उठावं. तू आज दिलास तो झटका म्हणजे त्याच घरातून पुन्हा हंबरडा. सगळे परत धावले."

"आणि बांधूनच ठेवला असता तर?"

"तर आतल्या माणसाने दार लावून घेतलं असतं. मग बाहेरच्याला कितीही हाका मारू देत."

शिष्याने आपल्या उजव्या तळहाताकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "याच हातातून सुटला तो."

घडी गरम झाली होती, ती वृद्धाने बदलली.

सूज उतरल्यावर ताणणं पुन्हा सुरू झालं. हात खांद्यापर्यंत आला, मग कानापर्यंत. एका सकाळी मात्र वृद्धाने दुसरा काठ उचललाच नाही. तो मागावर जाऊन बसला आणि म्हणाला, "माझे हात थकले. तुझ्या घरी माणूस आहे, तिला बोलाव."

घरी सिदूची बायको होती. सिदू गेला त्या दिवसापासून दीर-भावजय एकमेकांच्या नजरेला नजर देत नव्हती. ती ताट ठेवायची आणि आत जायची. नदीवर काय झालं, हे तिने विचारलं नव्हतं आणि त्यानेही सांगितलं नव्हतं. शिष्य उंबऱ्याशी उभा राहिला आणि घोंगडी धरायला येता का, असं त्याने कसंबसं विचारलं. ती पदर खोचून त्याच्यामागे आली.

तिने काठ धरला तो जीव खाऊन. मुठी पांढऱ्या पडल्या.

"वहिनी, ओढू नका," तो म्हणाला. "नुसतं धरा. श्वास रोखू नका."

तिने श्वास सोडला आणि डोळे वाहू लागले. काठ मात्र सोडला नाही. मग ती म्हणाली, "भावजी, तुम्ही त्यांना धरलं होतं ना?"

"धरलं होतं, वहिनी. सुटले."

"धरलं होतं, हे तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

मागाचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. घोंगडी दोघांच्या मध्ये सपाट ताणलेली होती, तिच्यावर ऊन पडलं होतं. शिष्याने डाव्या अंगाला पाहिलं. त्या जागी आता वहिनी उभी होती, आणि तिने सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नव्हतं.

"जेवलात का, वहिनी?" त्याने विचारलं. "का आज उपाशीच आलात?"

ती हसली की रडली, ते त्याला नीट कळलं नाही. पण तिच्या टोकाकडून एक हलका झटका आला. तो पुढे ओढला गेला, आणि खांदा दुखला नाही.