लांडग्याने वाखाणलेलं कुंपण

फार फार जुनी गोष्ट बरं का. तेव्हा लांडगे माणसांशी बोलायचे, आणि माणसं, आता काय म्हणावं, त्यांचं ऐकायची!

माळाच्या कडेला धुळा नावाचा मेंढपाळ आणि त्याची बायको ठकू राहायची. त्यांच्या मेंढवाड्याभोवती करवंदीचं कुंपण होतं. ऐन उन्हाळ्यातही हिरवंगार, आणि काटे असे की ससाही आत शिरायचा नाही. धुळाचा बाप ते बुडाला रुंद आणि शेंड्याला निमुळतं राखायचा, म्हणजे ऊन पार खालच्या पानापर्यंत पोचायचं.

बाप गेला. एका संध्याकाळी लांडगा कुंपणाबाहेर येऊन बसला.

"धुळाभाऊ, काय देखणं कुंपण हे! पण शेंडा का छाटतोस? पसरू दे की छत्रीसारखा. बुडाकडे कोण बघतंय?"

धुळा फुलून गेला. त्याने शेंडा वाढू दिला आणि बुडाशी कोयता चालवला. येणारेजाणारे थांबून वाहवा करू लागले.

"अवो, लांडग्याला आपल्या कुंपणाचं एवढं कौतुक कशापायी?" ठकू म्हणाली. "जरा खाली वाकून बघा. सावलीनं पानं झडली, फांद्या वाळल्या. आत माझी कोकरं हायेत."

"तुझी आपली सदा रडकथा! अख्खा मुलूख नावाजतोय, अन् तुलाच तेवढं खुपतंय."

ठकू बाभळीच्या फांद्या आणून भोकं बुजवायची. शोभा जाते म्हणून धुळा त्या उपसून फेकायचा. असल्या माणसापुढे काय कपाळ फोडायचं!

एके दिवशी दोघं मेंढ्या घेऊन नदीवर गेली. कोकरं वाड्यातच होती. परतली तेव्हा कुंपण वरून तसंच हिरवंगार होतं. खाली उघड्या खोडांना लोकर अडकली होती. आत एकही कोकरू जिवंत नव्हतं. मेंढ्या ओरडत पिल्लं हुंगत फिरल्या, आणि ठकू एकेकाला हलवून नावाने हाका मारत राहिली.

टेकाडावर तोच लांडगा आणि त्याचं टोळकं तोंडं चाटत होतं.

"दगाबाजा!" धुळा किंचाळला. "गळा कापलास माझा!"

"मी खोटं काय बोललो?" लांडगा म्हणाला. "शेंडा देखणाच आहे."

एवढं उघडं बूड आता बाभळीच्या फांद्यांनी झाकेना, आणि ते पुन्हा भरायला वर्षं लागतात. लांडग्यांना तेवढा धीर कुठला? पावसाळ्याआधी मेंढ्याही संपल्या. धुळा परक्याची जनावरं राखू लागला, आणि ठकू त्याच्याशी मरेपर्यंत बोलली नाही.

ज्याचा डोळा आपल्या कोकरांवर, त्याच्या कौतुकाला भुलून आपलं कुंपण छाटू नये.