ठकूने मारलेली गाठ

एक होती कोष्टीण. मथुरा तिचं नाव. नवरा लिंबाजी मागावर लुगडी विणायचा, ती त्याला सुताच्या कांड्या भरून द्यायची. हात गुणाचा होता बाईचा, पण विसराळू म्हणजे किती विसराळू! चुलीवर डाळ ठेवायची आणि नदीला निघून जायची. नदीवरून यायची ती घागर तिथंच ठेवून. हसतोस काय, मुकुंदा? परवा शाळेतून एकाच पायात चप्पल घालून कोण आलं होतं?

मग तिची आई तिला म्हणाली, "मथे, तुझं डोकं म्हणजे पिठाची चाळण. तू आपली पदराला गाठ मारत जा. गाठीत बांधलेलं कुठं जात नाही. काम झालं की सोड. पण एक सांगते, सोडलीस की गेलं."

म्हातारीच्या जिभेवर काय होतं देव जाणे, पण तसंच व्हायला लागलं. मीठ आणायचं असलं की मथुरा गाठ मारायची. गाठ कानाशी धरली की आतून बारीक आवाज यायचा, मीठ, मीठ. मग मीठ आणायचं आणि गाठ सोडायची. सोडली की ती गोष्ट मनातून पार पुसली जायची. हे नीट ध्यानात ठेवा, बरं का. पुढं लागणार आहे.

तिला एक मुलगा होता, आणि त्याच्या पाठची ठकू. ठकू म्हणजे नुसती लवंगी मिरची. पुढचे दात पडलेले, पण बडबड थांबेल तर शपथ. एकदा बाजाराच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "आई, कासाराकडून मला हिरव्या बांगड्या आण. विसरशील बघ तू."

"नाही गं विसरणार."

"विसरशील. थांब, मीच मारते गाठ."

आईचं जांभळं लुगडं नवं कोरं होतं. ठकूनं त्याचा पदर धरला, इवल्याशा हातांनी गाठ मारली, आणि ढिली राहू नये म्हणून दाढेत धरून करकचून ओढली.

त्याच दिवशी पोरीला ताप भरला. दुसऱ्या दिवशी बाजार भरला, बाजार उठला. ठकू काही उठली नाही. हो रे बाळा, गेली. पूर्वी अशी जायची लेकरं.

मथुरा खूप रडली. पण डोकं ते चाळणीचंच. हळूहळू ठकूचं तोंड विसरलं. चालणं विसरलं. कोणत्या अंगावर झोपायची, तेही विसरलं. राहिली एवढी गाठ. ती कानाशी धरली की ठकू म्हणायची, "आई, विसरशील बघ तू." बस, एवढंच. पण तेवढ्यावर ती बाई जगत होती.

आता काम झालं की गाठ सोडायची, हा तर नेम. म्हणून मथुरा कासाराच्या दुकानावरून कधी गेलीच नाही. लांबच्या वाटेनं जायची, पण त्या बाजूला फिरकायची नाही.

मग लिंबाजीनं तिला नवं लुगडं विणून दिलं. म्हणाला, "हे नेस. ते विटलं आता." तिनं नवं घडी करून ठेवलं आणि जुन्यालाच ठिगळ लावलं. मग नदीवरच्या बायका म्हणाल्या, "अगं, धुताना हाताला लागत असेल ती गाठ, सोड की." ती म्हणाली, "लागू दे." आणि मग तिसऱ्या खेपेला काय झालं, ते सांगते. मुक्ता, पांघरूण ओढू नकोस, दोघांना पुरतंय.

मुलाचं लग्न झालं. केसर नावाची सून आली. गुणी पोर होती, मथुरेनं डाळ करपवली तर शेजारणीला म्हणायची, मीच करपवली. तिला दिवस गेले. नऊ महिने भरले. पोटात दुखायला लागलं. सकाळ गेली, दुपार गेली, पण बाळ येईना. केसर अडली.

राही सुईण बाहेर आली, कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाली, "घरात जे जे बांधलेलं आहे ते सोडा. कुलपं काढा, गाठी सोडा. काही अडकवून ठेवू नका." पूर्वी असंच करायचे, बरं का. घर मोकळं, तर बाळंतीण मोकळी.

मग मुलानं कुलपं काढली, पेट्या उघडल्या, गाईचं दावं सोडलं. बाळ येईना. बायकांनी अंबाडे सोडले, गाठोडी सोडली, धान्याच्या पोत्यांची तोंडं मोकळी केली. तरी येईना. मग लिंबाजी मागाकडं वळला. मागावर अर्धं विणलेलं लुगडं होतं, आणि ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताच्या, धाग्याधाग्याला गाठ. त्या सोडत बसला असता तर दिवस मावळला असता. त्यानं सुरी घेतली आणि सगळा ताणा कापून टाकला. इतक्या दिवसांची मेहनत भुईवर पडली.

तरी बाळ येईना.

राही म्हणाली, "अजून कुठंतरी एक गाठ आहे."

सगळ्यांनी मथुरेकडं बघितलं आणि माना खाली घातल्या. मथुरेनं पदर मुठीत घट्ट धरला. तिला वाटलं, पळून जावं. लेक एकदा नेलीस देवा, आता एवढंही नेतोस? तेवढ्यात आतून केसरचा आवाज आला, अगदी क्षीण. "आत्याबाई, मी काही जगत नाही आता."

मथुरेनं गाठ कानाशी धरली.

"आई, विसरशील बघ तू."

"होय गं माझे बाई," मथुरा म्हणाली. "विसरते आता."

नखांनी सोडायला गेली तर सुटेना. लेकीनं दाढेत धरून ओढलेली गाठ ती. मग तिनंही ती दाढेत धरली, आणि रडत रडत सोडवली. आतून काही पडलं नाही, काही उडालं नाही. बाकी लुगडं विटलेलं, पण गाठीच्या आतलं कापड तेवढं जांभळंगर्द, नव्यासारखं.

आणि आत बाळ रडलं. मुलगी झाली. केसर वाचली.

सगळी आनंदली. दुसऱ्या दिवशी लिंबाजी बायकोजवळ बसला आणि हळूच म्हणाला, "ठकू असती तर आज आत्या झाली असती."

"कोण ठकू?" मथुरा म्हणाली.

लिंबाजी उठला, मागापाशी गेला आणि तुटलेले धागे सांधत बसला. त्यानं पुन्हा ते नाव काढलं नाही.

मग बाजाराचा दिवस आला. आता मथुरेला कसली भीती? जवळच्या वाटेनं निघाली. कासाराच्या दुकानापुढं आली आणि तिचे पाय थांबले. का, तिला कळेना. हात पदराच्या टोकाला गेला. गाठ नव्हती, पण कापडाची चुणी अजून तशीच होती. डोळ्यांना पाणी आलं. तिनं लहान मापाच्या हिरव्या बांगड्या घेतल्या आणि घरी आली.

केसर म्हणाली, "आत्याबाई, बाळाला केवढ्या मोठ्या होतील या. कुणासाठी आणल्या?"

"माहीत नाही गं," मथुरा म्हणाली. "आणायच्या राहिल्या होत्या, एवढंच वाटलं."

लिंबाजीनं त्या बांगड्या हातात घेतल्या. म्हातारा भिंतीकडं तोंड करून खूप वेळ रडला. मग त्यानं मागाशेजारच्या खुंटीला त्या अडकवून ठेवल्या. नात मोठी झाली, तिचे पुढचे दात पडले, तेव्हा त्या तिच्या हातात बरोब्बर बसल्या. त्या किणकिणल्या की मथुरा हातातलं काम ठेवून ऐकत बसायची. काय ऐकते, तिचं तिलाही ठाऊक नसायचं.

मग लिंबाजीचा माग चालत राहिला, केसरचं घर भरलं, सगळी मीठभाकर खाऊन सुखात राहिली. झाली गोष्ट. आता डोळे मिटा.

काय गं मुक्ता? माझ्या पदराला ही गाठ कसली? सकाळी तुम्हाला धिरडी करायचीत ना, त्याची आहे. पदर सोड, हात काढ तिथून. निजा आता.