शेंगांच्या गाड्या आणि नाक्यावरचा सरडा

जनावरं एकमेकांचा सल्ला घेत, त्या काळातली ही माझी फजिती. मी सरडा. घाटातल्या जकात नाक्याच्या कुंपणावर राहायचो. सारखी मान हलवायचो, म्हणून सगळ्यांना मी विचारवंत वाटायचो. मलाही तसंच वाटायचं.

एका वर्षी रानात खायला काही उरलं नाही. चंपा खार पिल्लं घेऊन आली. "सरडेदादा, या शेंगांच्या गाड्या कुठे जातात?"

मला गाड्या फक्त पहिल्या वळणापर्यंत दिसत. पण ठाऊक नाही म्हणायची लाज वाटली. "शेंगा घेऊन उतरतात, मीठ घेऊन चढतात. म्हणजे शेंगा बंदरावरच जाणार," मी म्हणालो.

तीन दिवस चालून आम्ही बंदरावर पोचलो. तिथे मीठ होतं आणि सुकी मासळी. पिल्लं भुकेनं मलूल झाली. चंपानं गाडीच्या एका म्हाताऱ्या बैलाला विचारलं.

"शेंगा वळणापलीकडे, आडवाटेच्या तेलघाण्यावर उतरतात," तो म्हणाला. "इथे आम्ही रिकामेच येतो. बसा गाडीत, सोडतो."

गाडीत मी हळूच म्हणालो, "वळणापर्यंतचा माझा अंदाज बरोबर होता."

"हो दादा," चंपा म्हणाली, "उपाशी आम्ही वळणानंतरच राहिलो."